चष्म्याच्या बाईंनी पाणी मागितलं

मळ्यातलं घर, ता. केज
सोमवार, ९ फेब्रुवारी

लाडाच्या रोहिणीला आज्जीचा पोटभर आशीर्वाद. आमी सगळे खुशाल आहोत. म्हैस गाभण आहे, ज्वारी काढायला आलीय. तू दवाखान्यात उभ्या उभ्या जेवत जाऊ नकोस, अंगी लागत नाही.

तर सगळ्यात आधी टपकली ती आपली शेजारची भिवराबाई. कुणी बोलावलं नव्हतं, तरी पाहुण्यांची गाडी बांधावरनं वळायच्या आत ही पायरीवर बसलेली, पदराच्या ओट्यात हरभऱ्याचे घाटे घेऊन सोलत. तुझी मामी शिवकन्या म्हणाली, "काय भिवराबाई, आज घरी काम न्हाई वाटतं?" तर म्हणती कशी, "हाय की. पर तुमच्या पायरीला ऊन लई ग्वाड लागतं." मामीचं तोंड बघायला पाहिजे होतंस. मी पदरात हसले.

तू म्हणशील, आज्जी कुठल्या पाहुण्यांचं सांगतीय. अगं, तूच अर्ज दिलास ना लातूरहून, त्याच्यावरनं आलेली माणसं. प्रांतसाहेबांकडची. पण हे मला आता माहीत झालंय. तवा मला वाटत होतं की मामाच्या प्रियदर्शनीला बघायला आलेत. कसं ते सांगते. आणि मी काय घोळ घालून ठेवलाय तेही सांगते, कारण ते परत येणार आहेत, आणि त्या दिवशी मी जे बोलेन तेच कायमचं धरणार आहेत. सकाळपासून मला एका जागी बसवत नाही. हे लिहिताना कितीदा उठून दारात जाऊन आले.

अक्षर वाकडं आलंय त्याला हसू नकोस. मी तिसरीतनं उठलेली, आणि डाव्या हाताला चिंधी बांधलीय, कागद धरता येत नाही, तांब्या ठेवून दाबलाय. मोरीत पाय सरकला होता. आता बरं आहे.

फोन मला परत दिलाय. पण तो पुढच्या खोलीत चार्जिंगला लावून ठेवतात, बोललेलं घरभर ऐकू जातं. म्हणून कागद. भिवराबाई केजला बाजाराला निघालीय, ती टपालात टाकील.

तर ती माणसं आली त्या दिवशी सकाळी तुझा मामा माझ्याकडं मागं आला. दारात उभा राहून म्हणाला, "माय, ऊठ. अंघोळ कर. प्रियाला स्थळ येतंय." रोहिणी, गहिनीनाथनं मला माय म्हणून लई दिवसांत हाक मारली नव्हती. मला इतका आनंद झाला की गुडघे दुखायचे विसरले. शिवकन्यानं गरम पाणी दिलं. माझं हिरवं लुगडं पेटीतनं काढून दिलं, त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. माझे केस विंचरले, आणि सांगते तुला, हळू विंचरले, गुंता ओढून तोडला नाही. मग मला पुढच्या खोलीत नेऊन सोफ्यावर बसवलं. त्या सोफ्यावर माझे पाय खाली टेकत नाहीत. मी लहान पोरीसारखी बसले होते पाय लोंबकळत.

मामा म्हणाला, "चार शब्द चांगले बोल माय. लोक घराणं बघत्यात. घरातलं म्हातारं माणूस कसं ठेवलंय, त्यावरनं पोरीचं वळण वळखत्यात."

मला ते पटलं. खरंच आहे की. ज्या घरात सासूला नीट ठेवलंय, तिथली लेक सासरी जाऊन सासूला नीट ठेवील, असं लोक धरतातच. तुझ्या आईच्या वेळेला धारूरची माणसं आली होती, तर त्यांच्यातली एक म्हातारी सरळ माझ्या सासूच्या खाटेवर जाऊन बसली, आणि गोधडीचा वास घेऊन बघितला. तसलं तपासतात. मी म्हटलं, आज प्रियाचं लग्न माझ्या जिभेवर आहे.

गाडीतनं तिघं उतरले. एक चष्म्याच्या बाई, एक निळ्या साडीतली धिप्पाड बाई, आणि एक पोरगेला माणूस, बगलेत फाईल. मी म्हटलं, चष्मेवाली आई, धिप्पाड ती आत्या, आणि पोरगा स्वतःच आलाय. हल्ली येतात. दिसायला बरा होता. दाढी कोरलेली. कान जरा पुढं आलेले, पण कानानं कुणाचं काय अडतं. गहिनीनाथ त्यांच्याशी फाटकातच किती वेळ बोलत होता. मला वाटलं मानपानाचं चाललंय.

चष्म्याच्या बाई माझ्याजवळ येऊन बसल्या. "आजी, आम्ही कशासाठी आलोय ते तुम्हाला सांगितलंय ना?"

"सांगितलंय की," मी म्हणाले, आणि लाजले. या वयात लाजले बघ नातीच्या वतीनं.

मग त्या विचारू लागल्या, आणि मी जी सुटले. जेवायला वेळेवर मिळतं का? म्हटलं, आधी मला वाढत्यात, मग बाकीचे बसत्यात. गरम भाकरी, वर तुपाचा गोळा. झोपता कुठं? म्हटलं, हीच की खोली, पंखा हाय, टीवी हाय. बाहेर जाता येतं का? म्हटलं, मनाला येईल तवा, ल्योक गाडीवर बसवून नेतो, मांजरसुंब्यापर्यंत नेतो. घरात कुणी ओरडतं का, हात उगारतं का? हे मला जरा जास्तच वाटलं. पण म्हटलं, पोरीच्या बापाचा स्वभाव बघत असतील. म्हणाले, "आमच्यात आवाज चढवून बोलायची रीतच न्हाई."

ते पोरगं सगळं लिहून घेत होतं. माझं बोलणं जन्मात कुणी लिहून घेतलं नव्हतं. त्या भरात मी आणखी बोलले. सून पाय दाबून देते म्हणाले. शिवकन्या खाली बघायला लागली.

पायरीवरनं भिवराबाई खाकरली. मग मोठ्यानं म्हणाली, "वच्छलाक्का, तुला कळतंय का काय बोलायलीस?"

मी म्हटलं, "भिवरे, तू घाटे सोल." मला वाटलं, जळती मेली, तिच्या नातीचं अजून जमलं नाही म्हणून.

एवढं सगळं झालं, चहा आला, तरी प्रियाला कुणी बाहेर बोलवेना. मला राहवेना. मी त्या पोराकडं वळले. म्हटलं, "बाळा, कागदावर लिहून काय कळतंय. पोरगी बघा की. आणि तुमी करता काय? पगारी हाय का नुसतं हंगामी?"

त्याला चहा नाकात गेला. निळ्या साडीची बाई त्याच्या पाठीत थापट्या मारू लागली. चष्म्याच्या बाईंनी माझ्याकडं बघितलं, मग गहिनीनाथकडं बघितलं.

मामा लगेच म्हणाला, "मॅडम, मी फाटकात सांगितलं नव्हतं का? आईचं डोकं चालत न्हाई. कधी काय बोलंल नेम न्हाई. तसं लिहून घ्या."

रोहिणी, तो हसत म्हणाला. पाहुण्यांपुढं हसतात तसं.

तेवढ्यात प्रिया आतनं आली. तिच्या केसांना चिमटा, हातात पुस्तक. बघायला येणाऱ्यांपुढं कुठली पोरगी अशी येते. ती म्हणाली, "आज्जी, कुणाचं स्थळ? मला तर काहीच माहीत नाही." आणि मग बापाकडं बघायला लागली.

चष्म्याच्या बाईंनी विचारलं, "आजी, स्थळ येणार आहे असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

एवढंच सांगायचं होतं. एक नाव. गहिनीनाथ माझ्यासमोर उभा होता, गावात चार माणसं त्याला रामराम घालतात, आणि त्याच्या कपाळावर घाम आला होता. मी खाली बघितलं. मला काही ऐकूच आलं नाही असं दाखवलं. म्हणजे त्याचंच म्हणणं खरं करून दिलं बघ, की म्हातारीचं डोकं गेलंय.

जरा थांबते. म्हशीला पाणी दाखवून येते. तसं आता ते काम मला करू देत नाहीत, पण करमत नाही.

आले. तर बाईंनी सगळ्यांना बाहेर बसायला सांगितलं. निळ्या साडीची बाई दाराशी उभी राहिली, तेव्हा कळलं की ती पोलीस आहे. मी पदर घट्ट ओढून घेतला. चष्म्याच्या बाई म्हणाल्या, "घाबरू नका आजी. आधी मला थोडं पाणी देता का प्यायला?"

मी झटकन उठले. घरात आलेल्या बाईला पाणी द्यायचं, त्यात काय. आत गेले, आणि उभीच राहिले. स्वयंपाकघर नवं बांधलंय ना, सगळे कप्पे बंद, सगळे एकसारखे. माठ कुठं दिसेना. एक कपाट उघडलं तर त्यात मसाल्याचे डबे. दुसऱ्यात ताटं. पेला सापडला, पण पाणी कशातनं घ्यायचं ते कळेना. भिंतीला एक पांढरं यंत्र लावलंय, त्याला छोटी तोटी, ती फिरते का दाबायची असते कोण जाणे. मी फिरवली, ओढली, आणि ती काही सुटेना. बाई मागं येऊन उभ्या होत्या. मी म्हटलं, "आत्ता देते बाई, आत्ता देते." माझ्याच घरात मला पाहुणीला घोटभर पाणी देता येईना. आणि मघाशी मी सांगितलं होतं की इथंच राहते, इथंच जेवते.

त्या म्हणाल्या, "राहू द्या आजी. चला, तुमची खोली दाखवा."

माझे पाय आपसूक मागच्या दाराकडं वळले.

आता तुला लिहायलाच पाहिजे. भिवराबाईनं सांगितलंच असेल म्हणा, त्याशिवाय तू अर्ज दिला नसतास. दिवाळीपासून मी गोठ्याच्या अंगच्या खोलीत आहे, जिथं आपण कडबा आणि पेंड ठेवायचो. फरशीवर पाय घसरंल तुझा, असं म्हणाले, मला ते बरंच वाटलं. म्हशीची सोबत असते. ऊब असते. जेवण झाकून आणून ठेवतात, कधी विसरतात. सणावाराला, नाहीतर कुणी येणार असलं की, दाराला बाहेरनं तार गुंडाळतात. म्हणतात, तू मधेच येऊन काहीतरी बोलतीस. तुझी आई गेल्यापासून माझ्याकडं येतं तरी कोण, म्हणून मी तेही मनावर घेतलं नाही. पण त्या दिवशी चष्म्याच्या बाईंनी ती तार हातात धरून बघितली, आणि मला ती पहिल्यांदा दिसली. एवढे दिवस माझ्या बाजूनं नुसतं दारच दिसायचं ना.

बाई माझ्या खाटेवर बसल्या. गोधडीवर. मला इतकं बरं वाटलं त्या बसल्या म्हणून, की मी रडायलाच लागले. त्यांनी तुझं नाव सांगितलं. म्हणाल्या, "तुमच्या लेकीच्या लेकीनं अर्ज केलाय. तिला तुमच्याशी फोनवर बोलू देत नाहीत, असं लिहिलंय." तुझं नाव ऐकलं आणि रडता रडता हसले. ती पोलीस बाईसुद्धा हसली. मी तिला सांगितलं, रोहिणी लहानपणी इथंच, याच खोलीत, पेंडीच्या पोत्यावर बसून अभ्यास करायची. तुझं इंजेक्शनचं पण सांगितलं, बाहुलीला काट्यानं द्यायचीस ते. त्यांना वेळ नव्हता, पण ऐकलं.

मग त्यांनी समजावून दिलं. मी सांगितलं तर प्रांतसाहेब हुकूम काढतात. त्यात असं असतं की पुढची खोली माझी. मला कुणी कोंडायचं नाही, यायला जायला अडवायचं नाही, फोन काढून घ्यायचा नाही, जेवण औषध वेळेवर, आणि अंगाला हात लावायचा नाही. मोडलं तर पोलीस येणार. मी विचारलं, "त्याला धरून नेणार का?" म्हणाल्या, "हुकूम पाळला तर कोण कशाला नेईल." मी विचारलं, "पेपरात येतं का?" म्हणाल्या, "आम्ही छापत नाही." मी म्हटलं, "छापायला कशाला पाहिजे, भिवराबाई बसलीय पायरीवर." तर त्या हसल्या. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "आजी, आज घेतलेला जबाब मी बाजूला ठेवते. तुमची फसवणूक झालीय, ते मला दिसलं. पण मला दिसून भागत नाही, तुमच्या तोंडून यायला पाहिजे. तुमच्या मुलानं डोकं चालत नाही असं म्हटलंय. त्याला तुम्ही होकार दिलात, तर पुढं तुमच्या कुठल्याच शब्दाला वजन राहणार नाही." आणि जाताना सगळ्यांसमोर मामाला बजावलं, की तोवर यांना दाराआड ठेवायचं नाही.

तवापासून मी पुढच्या खोलीत आहे. खाट घालून दिलीय. आणि काय सांगू, गहिनीनाथ रागावला नाही. तो रागावला असता तर बरं झालं असतं, मला त्याच्या रागाची सवय आहे. काल केजहून पेढे आणले. माझ्या पायाशी बसला. म्हणाला, "माय, त्या आल्या की एवढंच म्हण, वयानं इसरते मी, काय बोलते ते कळत न्हाई. बास. अर्ज निकाली. तू हितंच राहा, राणीसारखी. प्रियाचं लगीन करायचंय का न्हाई आपल्याला? कोर्टात गेलेल्या घराची पोरगी कोण करतो?"

मी पेढा परत पुड्यात ठेवला. कारण तो खोटं बोलत नव्हता. लोक असंच धरतात, मीच तुला वर लिहिलंय. रोज ताट पुढं येतंय, वर तुपाचा गोळा. मी पाहुण्यांपुढं जे थापलं होतं, ते सगळं आता खरं चाललंय. आणि मी जेवताना दाराकडं बघत बसते.

प्रियाला मी त्याचं म्हणणं सांगितलं. म्हटलं, पोरी, तुझ्यासाठी मी येडी व्हायला तयार आहे. ती माझ्या केसाला तेल लावत होती. हात थांबवला. म्हणाली, "आज्जी, माझं नाव घेऊन गप्प बसशील तर मी तुझ्याशी बोलणार नाही. ज्या घरात तुला गोठ्यात झोपवलं, त्या घरातनं माझी पाठवणी झाली, तर मी सासरी काय तोंडानं सांगू की माझ्या आज्जीनं मला वाढवलं?" मग रागारागानं तेल थापलं, कानात गेलं माझ्या.

रोहिणी, मोरीत पाय सरकला नव्हता. तुला खोटं लिहिलं. वर काट मारली असती, पण मग कागद घाण होतो. संक्रांतीच्या मागंपुढं मी भिवराबाईकडं निघाले होते, तिच्या फोनवरनं तुला लावावा म्हणून. तिच्या अंगणापर्यंत पोचलेही होते. मामा मागनं आला, आणि मला मनगटाला धरून ओढत आणलं. पिरगळलं. मुद्दाम का चुकून, ते त्यालाच माहीत. हाडाचा आवाज मला आला आणि त्यालाही आला, कारण तो एकदम थांबला. मग मला खोलीत बसवलं, आणि तार लावली. दवाखान्यात नेलं नाही. भिवराबाई कुंपणाशी उभी होती, तिनं सगळं बघितलं. ती पायरीवर घाटे सोलायला आली होती ती कशापायी, ते मला आता कळतंय, आणि मी तिला काय काय म्हणाले.

हे मी चष्म्याच्या बाईंना सांगितलं नाही. त्यांनी हाताकडं बघून विचारलं, मी पडले म्हणाले. तुला पण आधी तेच लिहिलं. हे कुणापुढंच बोलले नव्हते. आज लिहून काढलं, आणि लिहिता आलं याचा अर्थ बोलता येईल असं मला वाटतंय. पुन्हा वाचून बघितलं. काना मात्रा चुकलाय, पण मजकूर बरोबर आहे.

मी सांगणार आहे त्यांना. खोलीचं, तारेचं, हाताचं. पेढे आणले तेही सांगणार, ते लपवायचं कशाला. त्याला तुरुंगात घाला असं म्हणणार नाही. हुकूम द्या म्हणणार. तो कागद भिंतीला लावणार, देवाच्या फोटोशेजारी, म्हणजे त्याला जेवताना दिसंल. आता प्रियाचं लग्न कुठं अडलं तर अडू दे. ती शिकतीय, तिला तोंड आहे.

तुला रजा मिळतीय असा निरोप भिवराबाईकडं आला. तू येऊ नकोस, बाळा. तू समोर असलीस की मी तुझ्याकडं बघून रडत बसेन आणि बोलायचं राहील. मला गहिनीनाथकडं बघून बोलायचंय. त्याला जन्म दिलाय मी, त्याच्या डोळ्याला डोळा लावून बोलले की तो खाली बघतो, लहानपणापासून. त्या दिवशी मीच खाली बघितलं, म्हणून सगळं बिघडलं.

झालं की मी तुला फोन करीन. पुढच्या खोलीतनंच करीन, सगळ्यांना ऐकू जाऊ दे.

भिवराबाई दारात येऊन उभी आहे, तिची जीप जाईल म्हणते. कागदही संपला. ती माणसं शुक्रवारी येतो म्हणालीत.

डोकं ठिकाणावर असलेली
तुझी आज्जी,
वच्छलाबाई